मांड्याचं पीठ आणि केळ्याचे मफिन : अमळनेरच्या एका स्वयंपाकघरातलं प्रकरण

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा ओट्यावर परातभर मफिन पडून होते आणि त्यांना कुणी हात लावत नव्हतं. आमच्या घरात परातभर काहीही दोन तासांवर टिकत नाही, म्हणून विचारलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "परत आलेत ताई. चार डझन."

मी नाशिकजवळच्या एका रोलर फ्लोअर मिलच्या प्रयोगशाळेत काम करते. पिठाचा ओलावा मोजायचा, राख काढायची, ग्लूटेन धुवायचं, हेच रोजचं. घरचे मला 'पिठाची डॉक्टर' म्हणतात, त्यात कौतुक कमी आणि चेष्टा जास्त असते. पण परात समोर आली आणि सुट्टीचे तीन दिवस त्यातच गेले. काय झालं, काय केलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. मफिनला कोणतं पीठ घ्यावं असं मला बऱ्याच जणी विचारतात, आणि पिठाचं नुसतं नाव सांगून त्याचं उत्तर देता येत नाही, हे मला या घरगुती प्रकरणातच नीट कळलं.

परातीतलं मफिन

एक उचललं. वरून रंग छान, तांबूस. पण माथा गोल नव्हता, मोदकासारखं टोक आलं होतं आणि ते एका अंगाला कललं होतं. सुरीने उभं कापलं तर आत बोगदे. बुडापासून टोकाच्या दिशेने गेलेले लांबट, गुळगुळीत भिंतींचे बोगदे, काडी घातली तर सरळ जाईल असे. दोन बोटांनी तुकडा ओढला तर तो तुटायच्या आधी ताणला गेला. चांगलं मफिन ओढल्यावर भुगा होऊन सुटतं, हे पावासारखं येत होतं. चव चांगली होती. चावायला मात्र आदल्या दिवशीची गार पोळी.

वहिनींचा धंदा तसा लहान. दोन वर्षांपूर्वी सुरू झाला तो केळ्यांमुळे. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यातली केळी सगळ्यांना माहीत आहेत, २०१६ साली जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण माल भरताना जी फणी जास्त पिकलेली, सालीवर काळे ठिपके पडलेली असते ती बाजूला निघते आणि मातीमोल जाते. मफिनला नेमकं तेच केळं लागतं. पिठूळपणा जाऊन त्याची साखर झालेली असते, कुस्करलं की लगदा होतो. दादाच्या मित्राचा केळ्यांचा व्यवहार आहे, तिथून आठवड्याला एक क्रेट येतं.

सुरुवातीपासून त्या किराणा दुकानातला सुटा मैदा वापरत होत्या, अंडं नाही, दह्यावर. तक्रार कधी आली नव्हती. मार्चमध्ये एका कॉलेजच्या कँटीनने आठवड्याला बारा डझनांची ऑर्डर दिली. अट एकच, मैदा नको. गव्हाचे पाहिजेत.

इथून पुढे जे घडलं ते कुठल्याही खानदेशी घरात घडलं असतं. घरातलं सगळ्यात चांगलं गव्हाचं पीठ कोणतं? मांड्याचं. आखाजी जवळ आली होती, डब्यात तयार होतं. गहू धुऊन, ओलवून, रात्रभर फडक्यात बांधून ठेवून, चक्कीवर अगदी बारीक दळून मग पातळ वस्त्रातून गाळलेलं. पांढरंशुभ्र, बोटांत घेतलं तर रेशमासारखं. वहिनींनी मैद्याच्या वजनाइतकंच हे पीठ घेतलं, बाकी सगळं तेच ठेवलं आणि मफिन परत आले.

संशयित

पहिला संशय बेकिंग पावडरवर, नेहमीप्रमाणे. चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहिली, फसफसली, सुटली. दुसरा ओव्हनवर. पण त्याच ओव्हनमध्ये त्याच दिवशी भाजलेली नानकटाई ठीक होती. तोवर वहिनींनी आपल्या मनाने दोन उपाय करून पाहिले होते. मफिन घट्ट होतात म्हणून सोडा वाढवला, तर रंग काळपट आला आणि जिभेवर साबणाची चव राहिली. मग ओलसर व्हावेत म्हणून केळं वाढवलं, तर बुडाशी चिकट थर बसला. दोष एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असं झालं की मूळ दोष झाकला जातो. म्हणून मी आधी सगळं प्रमाण पहिल्यासारखं करायला लावलं.

इतक्यात माय ओसरीवरून आत आली. तिने परातीतला तुकडा घेतला, ओढला, आणि तोंडात टाकायच्या आधीच म्हणाली, "हाई मांडास्नं पीठ शे, केकनं नही."

मी हसले, कारण माझ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राने जे सांगितलं असतं ते तिने बोटांनी सांगून टाकलं होतं.

ताण कुठून येतो

मांडे करताना पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मांड्याची कणीक पुरणपोळीपेक्षा कितीतरी सैल असते. पाणी लावत, आपटत, मळत तिला तार आणायची. मग पुरण भरलेला गोळा हातावर घेऊन दोन्ही हातांवर असा फिरवायचा की आपल्याच वजनाने तो पसरत कोपरापर्यंत येतो, आणि फाटत नाही. मग तो उपड्या खापरावर टाकायचा. हे सगळं ज्याच्या जोरावर होतं ते गव्हातलं ग्लूटेन. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि हाताचा मार बसला की ती एकमेकांत गुंतून जाळं करतात. ग्लायडिनमुळे कणीक पसरते, ग्लुटेनिनमुळे ती परत ओढली जाते, फाटत नाही. मांडेवाल्या बायका गहू निवडतात तो हे जाळं मजबूत होणारा. त्या त्याला ग्लूटेन म्हणत नाहीत, 'तार येणारा गहू' म्हणतात. अर्थ तोच.

मफिनला हे जाळं फार थोडं हवं असतं. सोडा आणि बेकिंग पावडरमधून वायू निघतो तेव्हा पीठ त्याला बारीक बारीक कप्प्यांत धरून ठेवतं. जाळं नाजूक असेल तर कप्पे लगेच फुटतात, दुसरे होतात, सगळीकडे सारखी जाळी पडते. जाळं चिवट असेल तर वायू अडकतो, एकत्र होतो आणि वाट काढत वर सरकतो. ते बोगदे. वरची कड भाजून घट्ट झालेली असते, मधोमध अजून मऊ असतं, तिथून तो बाहेर ढकलतो. ते मोदकाचं टोक.

हे शब्दांत सांगून वहिनींना पटलं असतं, पण दिसलं नसतं. म्हणून ग्लूटेन धुतलं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दुकानातला मैदा ५० ग्रॅम आणि मांड्याचं पीठ ५० ग्रॅम, दोन्हींत साधारण ३० मिली पाणी घालून घट्ट गोळे मळले. अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवले. मग बारीक धारेखाली, खाली पातळ फडकं धरून, मुठीत दाबत दाबत धुवायचं. पहिल्यांदा दुधासारखं पांढरं पाणी येतं, तो स्टार्च. दहा-बारा मिनिटांनी पाणी नितळ होतं आणि हातात उरतो एक पिवळसर, रबरी, च्युइंगगमसारखा गोळा.

मैद्याचा गोळा १३ ग्रॅम भरला. मांड्याच्या पिठाचा १७. आकड्यांत फरक चार ग्रॅमचा, हातात फरक कितीतरी मोठा. मैद्याचा गोळा ओढला की वीतभर येऊन तुटायचा. मांड्याचा वहिनींनी दोन्ही हातांनी ओढला तर पडद्यासारखा पसरला, त्यातून खिडकीचे गज दिसत होते. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "हे मफिनमध्ये होतं?"

चार भांडी

पण मला एक शंका होती. पीठ दोषी आहे हे खरं, पण ते एकटं दोषी आहे का? आधी वहिनी एका वेळी डझनभर करायच्या, लाकडी चमच्याने कालवायच्या. ऑर्डर मोठी झाल्यावर हातातलं इलेक्ट्रिक बीटर आलं. म्हणून चार भांडी मांडली : मैदा चमच्याने, मैदा बीटरने, मांड्याचं पीठ चमच्याने, मांड्याचं पीठ बीटरने. प्रत्येकात पीठ २०० ग्रॅम, गुळाची पावडर १००, कुस्करलेलं केळं २२०, दही ८०, तेल ६० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, सोडा पाव चमचा. १८० अंशांवर २२ मिनिटं. प्रत्येक भांड्याचे बारा मफिन. चमच्याचं कालवणं म्हणजे कोरडं ओल्यात घालून पंधरा वेळा खालून वर, गुठळ्या दिसल्या तरी थांबायचं. बीटर दोन मिनिटं.

मैदा चमच्याने : गोल माथा, सारखी जाळी, नेहमीसारखं. मैदा बीटरने : थोडं टोक, एक-दोन बोगदे, गिऱ्हाईक बोललं नसतं. मांड्याचं पीठ बीटरने : परातीतलंच मफिन पुन्हा. आणि मांड्याचं पीठ चमच्याने? दिसायला जवळजवळ चांगलं. बोगदे नाहीत म्हटलं तरी चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला तर चिवट झालेलं.

म्हणजे आकार बिघडला तो बराचसा बीटरने, आणि दुसऱ्या दिवशीचा चिवटपणा पिठाचा. मैदा होता तोवर त्याने बीटरची चूक सोसली. मांड्याच्या पिठाने ती उघडी केली. हे कळलं नसतं तर वहिनींनी पीठ बदलूनही बीटर चालू ठेवलं असतं आणि पुन्हा थोडंसं बिघडलेलं मफिन कँटीनला गेलं असतं.

इथे परदेशी कृतींबद्दल दोन शब्द. त्यांत 'ऑल पर्पज फ्लोअर' लिहिलेलं असतं, आपण मैदा घेतो, आणि बहुतेक वेळा ते जमतं. तिकडच्या ऑल पर्पजमध्ये प्रथिनं १० ते १२ टक्के, केक फ्लोअरमध्ये ७ ते ९, ब्रेडच्या पिठात १२ ते १४ टक्के असतात. आपल्या पाकिटबंद मैद्यावर १०-११च्या आसपास आकडा दिसतो. पण मग आट्याच्या पाकिटावर १२ दिसतो म्हणून आटा ब्रेडच्या पिठाइतका जोरदार, असं मात्र नाही. त्या १२ मध्ये कोंड्यातली आणि अंकुरातली प्रथिनंही मोजलेली असतात, आणि ती जाळं करत नाहीत. नुसता आकडा वाचून पीठ निवडणाऱ्यांची इथे फसगत होते. काही जणी मैद्यात कॉर्नफ्लोअर घालून केक फ्लोअर बनवतात. केकला ठीक. मफिनमध्ये केळ्याचे किंवा अक्रोडाचे तुकडे घालायचे असतील तर इतकं दुबळं पीठ ते पेलत नाही, सगळे तुकडे बुडाशी. आणि कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढरा स्टार्च, मक्याचं पिवळं पीठ नव्हे. या एका घोटाळ्यापायी वाया गेलेले दोन केक मी स्वतः खाल्ले आहेत.

मैदा नको म्हणजे काय नको?

दुपारी चहा घेताना मला खरी गोम लक्षात आली आणि मी जरा गप्प झाले.

आमच्या मिलमध्ये गहू दळण्याआधी पाणी देऊन बारा ते चोवीस तास मुरवतात. ओलाव्याने कोंडा चिवट होतो, भुगा न होता मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो आणि आतला पांढरा भाग वेगळा काढता येतो. त्याला आम्ही कंडिशनिंग म्हणतो. मग रोलर आणि बारीक जाळ्यांच्या चाळण्या. आता माय काय करते? गहू ओलवते, रात्रभर फडक्यात ठेवते, दळून आणते आणि वस्त्रातून गाळते. कोंडा गाईला. म्हणजे मांड्याचं पीठ हा घरी केलेला मैदाच आहे. दुकानातल्यापेक्षा ताजा, चांगल्या गव्हाचा, पण मैदा.

वहिनींनी कँटीनला मैद्याऐवजी जास्त जोरदार मैदा घातला होता, आणि वर 'गव्हाचे' म्हणून चिठ्ठी लावली होती. मैदाही गव्हाचाच असतो, त्यामुळे खोटं काही नव्हतं. पण कँटीनवाल्यांना कोंडा हवा होता आणि तो त्यांना मिळत नव्हता. अन्नसुरक्षेच्या मानकांत आटा आणि मैदा वेगळे ओळखतात ते राखेवरून : आट्यात राख जास्तीत जास्त २ टक्के, मैद्यात १ टक्का. राख म्हणजे पीठ जाळल्यावर उरणारी खनिजं, आणि ती बहुतेक कोंड्यात असतात. वस्त्रगाळ पीठ माझ्या प्रयोगशाळेत आलं असतं तर मैद्याच्या रांगेत गेलं असतं.

हे सांगितल्यावर वहिनींचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, मी त्यांना लबाड म्हणते. दादा म्हणाला, "पीठ घरचं आहे ना, मग झालं." माझ्या मते झालं नव्हतं. मफिन मऊ करणं हे निम्मं काम होतं. ते मागितल्याप्रमाणे अख्ख्या गव्हाचं करणं हे उरलेलं.

चक्कीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच चक्की गाठली, उशीर केला की ऊन डोक्यावर. गहू लोकवन, पोळीचाच, न ओलवता, न गाळता. चक्कीवाल्या काकांना बारीक दळायला सांगितलं. आमच्या आधी कुणाचं तरी बाजरीचं दळण होतं, म्हणून पहिलं मूठभर पीठ वेगळं काढायला लावलं. अशा चक्कीवर दळलेली ज्वारी-बाजरी गहू चालत नसलेल्या माणसासाठी सुरक्षित नसते, हे या धंद्यात पडलेल्या प्रत्येकीने लक्षात ठेवावं. 'ग्लूटेन नाही' अशी चिठ्ठी लावायची तर दळणही वेगळंच हवं.

पीठ डब्यात आलं तेव्हा डबा मांडीवर धरवेना इतका गरम. चक्कीच्या दगडांमध्ये स्टार्चचे कण नुसते सुटे होत नाहीत, चिरडले जातात, आणि चिरडलेला कण पाणी जास्त पितो. त्यात कोंडाही पाणी पितो, पण सावकाश. पोळी मऊ राहते ती याच पाण्यामुळे. मफिनमध्ये मात्र याचा अर्थ असा की मैद्याच्या मापाने पातळ पदार्थ घातले तर पीठ सगळं शोषून घेणार आणि वीस मिनिटांनी परातीत दगड.

पाचवं भांडं तसंच केलं, मुद्दाम, वहिनींना दिसावं म्हणून. जुनंच प्रमाण, नुसता आटा. मिश्रण लाडवाच्या सारणाइतकं घट्ट. मफिन बसके, कोरडे, खाताना पाणी मागणारे. बोगदा एकही नाही. कोंड्याचे कण जाळ्याला जागोजागी कापतात.

सहाव्यात दूध ४५ मिली वाढवलं आणि मिश्रण वीस मिनिटं मुरू दिलं. फरक पडला, चव तर मैद्यापेक्षा कितीतरी वरची, भाजलेल्या गव्हाचा वास केळ्याशी छान जमला. पण फुगले कमी. कारण मे महिना होता. स्वयंपाकघरात पारा चाळिशीत, आणि मी सोडा-पावडर घालून मिश्रण मुरत ठेवलं होतं. दह्याबरोबर सोड्याचा निम्मा जोर भांड्यातच संपला. पिठाची डॉक्टर! वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या, आणि ते मला लागलं.

सातव्या भांड्यात कल्पना त्यांची. मी जाळं कमी कसं करायचं याच्या मागे होते, साखर वाढवू का, तेल वाढवू का. त्या म्हणाल्या, "शंकरपाळ्याला घालतो तसं मोहन घातलं तर?" बरोबर होतं. तेल शेवटी ओतण्याऐवजी आधी कोरड्या पिठात चोळलं तर प्रत्येक कणाला तेलाचा लेप बसतो, पाणी उशिरा पोचतं आणि जाळं तुटक तुटक होतं. खुसखुशीत शंकरपाळ्याचं गुपित तेच. ६० ग्रॅम शेंगदाण्याचं तेल आट्यात चोळून घेतलं, मग दूध, दही, केळं घालून मुरवलं, आणि सोडा-पावडर चाळून अगदी शेवटी. हे मफिन हातात घेतल्याबरोबर कळलं, जमलं.

दादर

तरी मला अजून थोडा हलकेपणा हवा होता. तापीकाठच्या काळ्या जमिनीत जमिनीतल्या ओलीवर येणारी दादर ज्वारी घरात होतीच. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणजे ती जितकी घालू तितकं जाळं विरळ. आठव्या भांड्यात निम्मी दादर घातली तर मफिन इतके हळवे झाले की कागद सोडवताना अर्धं मफिन कागदालाच राहिलं. अंडं नसल्यामुळे दुसरं काही धरून ठेवायला नव्हतं. अंड्याच्या कृतीत निम्मी ज्वारी खपून गेली असती. बिनअंड्याच्या कृतीत थोडं ग्लूटेन पाहिजेच, ते शून्य करून चालत नाही.

नवव्यात दादर ६० ग्रॅम, आटा १४०. सुरेख. फक्त दाताखाली किंचित रवाळ. त्यावर इलाज भाकरीवाल्या घरात शोधायची गरज नसते : दादरच्या पिठात आधी कढत दूध ओतून उकड काढल्यासारखं भिजवलं, निवू दिलं, मग मिश्रणात घातलं. रवाळपणा गेला आणि मफिन दुसऱ्या दिवशी जास्त ओलसर राहिलं.

एक बाजरीचाही प्रयोग केला, दादाच्या आग्रहाने. बाजरीच्या पिठातलं रंगद्रव्य सोड्याने हिरवट-पिवळं होतं, आंबटाने फिकट. आमच्या हातून सोडा पडला जास्त. पोरांनी त्याला 'शेवाळ मफिन' नाव ठेवलं. शिवाय बाजरीचं पीठ उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत कडू होतं. ते हिवाळ्यावर सोडून दिलं.

ठरलेलं प्रमाण

बारा मफिनांसाठी : बारीक दळलेला लोकवनाचा आटा १४० ग्रॅम, साध्या चाळणीने चाळून, कोंडा परत त्यातच. त्यात तेल ६० ग्रॅम चोळायचं. दादरचं पीठ ६० ग्रॅम, त्यावर कढत दूध ६० मिली, झाकून निवू द्यायचं. केळं २२० ग्रॅम, दही ८०, गूळ १०० एकत्र घोटून त्यात दादरची उकड मोडून घालायची, मग मोहन दिलेला आटा. इथे चमच्याने जेमतेम ओलं होईपर्यंतच कालवायचं आणि वीस मिनिटं सोडायचं. साचे मांडून, ओव्हन तापवून झाल्यावर बेकिंग पावडर दीड चमचा आणि सोडा पाव चमचा, चाळून, आठ-दहा वेळा खालून वर. लगेच भरायचं. १८० अंश, २२ ते २४ मिनिटं. बीटर कपाटात.

दूध ६० लिहिलं आहे ते आमच्या पिठाला. दुसऱ्या गव्हाला, दुसऱ्या चक्कीला ४५ लागेल किंवा ७५. चमचा उचलला की मिश्रण जड गोळ्याने, पण आपणहून पडलं पाहिजे. इडलीच्या पिठाहून घट्ट, भज्यांच्या पिठाच्या जवळ. बन्सी गहू मात्र यात घेऊ नये, तो रव्या-शेवयांचा. कणखर असल्यामुळे बारीक दळताना स्टार्च आणखी चिरडला जातो आणि पाण्याचं गणित कोलमडतं.

तिसऱ्या दिवशी कँटीनला नमुन्याचे दोन डझन गेले, चिठ्ठीवर 'अख्खा गहू आणि दादर ज्वारी'. ऑर्डर चालू राहिली. पहिल्या आठवड्यात एक तक्रार आली, रंग काळा म्हणून. वहिनींनी एक मफिन आणि एक भाकरी शेजारी ठेवून फोटो पाठवला. पुन्हा कुणी विचारलं नाही.

मांड्याचं पीठ आखाजीला मांड्यांना लागलं. त्यासाठीच ते होतं. वहिनींनी हातावर गोळा फिरवायला घेतला आणि पसरत कोपराशी आल्यावर मला हाक मारून दाखवला. खिडकीचे गज त्यातूनही दिसत होते.

एक गोष्ट मी तिथे असताना सुटली नाही. दुपारच्या भाजणीत पहिल्या ट्रेचे मफिन चांगले फुगायचे आणि चौथ्या ट्रेचे कमी, कारण चार ट्रेचं मिश्रण सोडा घालून एकदमच तयार व्हायचं. जूनमध्ये वहिनींचा फोन आला. आता त्या सोडा-पावडर चार लहान वाट्यांत आधीच मोजून ठेवतात आणि ट्रे ओव्हनमधून निघायच्या दोन मिनिटं आधी पुढची वाटी ओततात. वाट्या मायच्या, देवपूजेच्या. माय कुरकुरते, पण देते.